चौथा गोळा

ती आली तीच भांडायच्या तयारीनं.

"तुम्ही कारखान्याची माणसं नाही ना, ते आधी सांगा," ती म्हणाली आणि बसा म्हणायच्या आत बसली.

वहिनींना असली माणसं बरी वाटतात. गोड बोलणारी अशिलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती आणि त्यातली निम्मी खोटारडी निघाली होती. त्यांचे यजमान अपघातांच्या खासगी चौकश्या करायचे. ते गेल्यावर वहिनी कचेरी आवरायला आल्या, टेबलावरची एक अर्धवट फाइल सहज चाळली, त्यातली लबाडी त्यांच्या डोळ्यांत खुपली आणि कचेरी आवरायची राहून गेली. त्याला बारा वर्षं झाली. सोबत असतात ते भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर. पाणीखात्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस. दिसेल ते सगळं इमानेइतबारे वहीत लिहितात आणि त्याचा अर्थ काय, याच्या भानगडीत पडत नाहीत.

आलेली बाई लेझर मोजणी करायची. तिच्या यंत्राचं काम तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तिपाईवर ते चारेक मिनिटं स्वतःभोवती फिरतं, किरण फेकतं आणि समोरच्या प्रत्येक वस्तूचे लाखो ठिपके टिपून ठेवतं. अशा बऱ्याच जागांवरून केलेल्या फेऱ्या एकमेकींना जोडल्या की अख्ख्या इमारतीचं मिलिमीटरपर्यंत खरं चित्र तयार होतं. एका कागद कारखान्याला पंपघरात नवे पाइप घालायचे होते, म्हणून तिला बोलावलं होतं.

आणि परवा, मंगळवारी, त्या पंपघराच्या जमिनीतल्या गाळाच्या हौदात कारखान्याचा म्हातारा पंपवाला मेलेला सापडला. विषारी वायूनं.

"ते म्हणतात, मीच त्याला आत उतरवलं. माझ्या निशाणीचा कागद आत चिकटवायला. मग उघडं झाकण चित्रात नको म्हणून मी ते लावलं, कडी घातली आणि माणूस आत आहे हे विसरून जेवायला गेले." ती हे सगळं चढ्या आवाजात बोलली, पण शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फाटला. "आज चार वाजता चौकशी अधिकारी कागदावर सही करणार. सही झाली की मी आत."

दहा वाजून गेले होते. वहिनींनी तिच्याकडून मंगळवारचा सगळा क्रम काढून घेतला आणि भाऊजींनी तो लिहिला.

पंपघरात चार फेऱ्या झाल्या. सातवी अकरा वाजता. त्यानंतर बॅटरी बदलायला ती गाडीकडे गेली, तिकडे पाव तास मोडला. परत येऊन दुसऱ्या टोकाला यंत्र लावलं आणि अकरा वीसला आठवी फेरी केली. मग दारातून नववी. दहावी शेवटची, अकरा पंचावन्नला. बारा पाचला फाटकाच्या वहीत तिची सही. फेरी चालू असताना आपण चित्रात येऊ नये म्हणून ती दर वेळी खांबाआड उभी राहायची, आणि शेजारच्या कॉम्प्रेसरमुळे कानांवर आवाज अडवणारे जाड मफ असायचे. फेऱ्या जोडायला दोन प्रकारच्या खुणा होत्या. लोखंडाला लोहचुंबकानं चिकटणारे पांढरे गोळे, आणि भिंतीवर डकवायचे काळ्यापांढऱ्या चौकटींचे कागद, प्रत्येकावर वेगळा आकडा.

"हौदाच्या झाकणावर काही होतं?"

"गोळा होता. सपाट लोखंड तेवढंच होतं तिथे. पावणेअकराला ठेवला, साडेअकराला उचलून दाराजवळ लावला."

"झाकणाला हात लावला होता?"

"गोळ्याला लावला. झाकणाला नाही."

तिचा लॅपटॉप आणि यंत्र चौकशी अधिकाऱ्यानं त्याच दुपारी मोहोरबंद केलं होतं. पण मोजणीवाले एका कार्डावर कधी विसंबत नाहीत, तिच्या पर्समध्ये दुसरं होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं, सोबत फेऱ्या जोडल्याचा छापील अहवाल. भाऊजींनी तो मन लावून वाचला.

"पेटीत सहा खाचा आहेत म्हणालात ना? इथे गोळे पाचच आहेत," ते म्हणाले. "एखादा हरवला असेल."

बाईनं मान फिरवली. वहिनींनी ते पाहून ठेवलं.

कारखान्यात त्यांचं स्वागत झालं ते असं, की फाटकावरच्या माणसानं अर्धा तास उन्हात उभं ठेवलं. मग मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली नाही. भाऊजींनी आपणहून कोपऱ्यातली ओढली, तेव्हा तो भाऊजींकडे असा बघत राहिला की भाऊजी पुन्हा उभे राहिले.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. बाहेरचे लोक पाहणीला बारा वाजता यायचे होते, तो सकाळपासून त्यांच्या तयारीत होता, पंपघर त्यानं पाहिलंसुद्धा नाही. बाई बेजबाबदार आहे. गॅसच्या हौदाच्या झाकणावर तिनं आपला गोळा ठेवला, धोक्याची पाटी झाकली, यावरूनच काय ते कळतं.

"गोळा झाकणावर होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रिपोर्टात आहे. सेफ्टी ऑफिसरनं मंगळवारी चार वाजताच लिहून दिला. वाचता येत असेल तर वाचा."

वहिनींना वाचता येत होतं. त्यांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला.

फोरमन पंपघरातच भेटला. तोही तुसडाच होता, पण त्याचं तुसडेपण कष्टी माणसाचं होतं. पंपवाला त्याचा वीस वर्षांचा जोडीदार. मंगळवारी अकराच्या सुमाराला गाळ अडकून पंप बंद पडला, हे त्यानं कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला असताना आवाजावरून ओळखलं. पंपवाला बघेल म्हणून आला नाही. दोनला आला तरी पंप बंदच, म्हणून हौदाची कडी काढून झाकण उचललं.

"झाकणावर काही होतं?"

"काही नव्हतं. माणूस खाली होता, शिडीच्या पायथ्याशी." तो हात पुसत राहिला. "मी उतरलो नाही. गॅसच्या मुखवट्याशिवाय त्या हौदात उतरला तो गेलाच. शिट्टीसाहेबांना बोलावलं."

शिट्टीसाहेब म्हणजे सेफ्टी ऑफिसर. गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा, म्हणून कामगारांनी ठेवलेलं नाव. मुखवट्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याजवळ. कपाटाला सील असतं, ते त्यानं फोरमनच्या डोळ्यांदेखत दोन वाजून पाच मिनिटांनी तोडलं. तोच एकटा उतरला, त्यानंच पंपवाल्याला दोरखंड बांधला. बाकी सगळे वरून ओढत होते.

भिंतीवर गॅस मोजायचं मीटर टांगलं होतं. भाऊजींनी ते हौदापाशी धरून पाहिलं आणि समाधानानं सांगितलं, की शून्य दाखवतंय, आता धोका नाही. वहिनींनी ते त्यांच्या हातातून घेऊन उलटं केलं. मागे सेलचा कप्पा रिकामा होता, आणि त्यात गंजाचा हिरवा थर होता. खाली खुंटीवर रोजच्या नोंदींची वही होती. तीन महिने एकही दिवस न चुकता आकडे भरलेले, खाली शिट्टीसाहेबाची सही.

शिट्टीसाहेबानं त्यांना पंपघराच्या दारातच गाठलं. उंच, इस्त्रीतला माणूस. परवानगी कोणाची, हेल्मेट कुठंय, पायात गमबूट का नाहीत, इथून सुरुवात.

"मंगळवारी तुम्ही पंपघरात किती वाजता आलात?" वहिनींनी मध्येच विचारलं.

"दोनला. फोरमननं बोलावल्यावर. त्याआधी पाय ठेवलेला नाही. बारा ते दोन मी पाहुण्यांबरोबर होतो, दहा साक्षीदार देतो."

"बारापर्यंत?"

"फेरीवर. कारखाना मोठा आहे, बाई. मी एका जागी बसून पगार खात नाही." मग त्यानं भाऊजींच्या वहीकडे बोट केलं. "लिहून घ्या. ज्या बाईला माणूस आणि खुंटी यांतला फरक कळत नाही, तिला यंत्रं देऊन पाठवतात, आणि निस्तरायचं आम्ही."

चौकशी अधिकाऱ्यानं मॅनेजरच्या शेजारच्या खोलीत बस्तान मांडलं होतं. तो वहिनींना ओळखून होता आणि त्यांच्यावर खार खाऊन होता. तरी पुराव्याची पिशवी दाखवायला त्याची ना नव्हती. पंपवाल्याच्या शर्टाच्या बटण लावलेल्या खिशात सापडलेला कागद, काळ्यापांढऱ्या चौकटींचा, कोपऱ्यात आकडा एकोणीस. भाऊजींनी आकडा लिहून घेतला.

बाहेर बाकावर पंपवाल्याची बायको बसली होती. वहिनी कोणासाठी आल्या आहेत हे तिला कळलं होतं.

"त्या लेझरवालीकडून आलात ना? मग माझ्याशी बोलू नका." तिनं तोंड फिरवलं. मग तसंच भिंतीकडे बघत म्हणाली, "साहेब म्हणाले, त्याला काही कळलं नाही. एका श्वासात गेला. ते तरी खरं आहे ना?"

वहिनी म्हणाल्या की अजून ठाऊक नाही. भाऊजींना हे फार कठोर वाटलं आणि परतताना त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"खोटा दिलासा द्यायला तिथे माणसं कमी नाहीत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

दीड वाजता कचेरीत पडद्यावर पंपघर उभं राहिलं. राखाडी ठिपक्यांचं, पण पाइपावरची रंगाची पोपडी दिसेल इतकं स्वच्छ. वहिनींनी पहिला प्रश्न विचारला तो हा.

"सहावा गोळा कुठे गेला?"

"त्याचा इथे काही संबंध नाही."

"चार वाजता तुला नेणार आहेत. संबंध आहे की नाही ते मी ठरवीन."

तिचा सगळा राग एवढ्या एका गोष्टीभोवती साचला होता, हे आता दिसत होतं. गोळा नंबर चार. सातव्या आणि आठव्या फेरीत तो जुळेना. नऊ मिलिमीटर चूक. अहवालात नऊ मिलिमीटर लिहिले तर पुढचं काम कोण देईल? म्हणून तिनं हिशेबातून चौथा गोळाच काढून टाकला. बाकी पाचांवर चूक दोन मिलिमीटरांत बसली.

"सगळेच करतात," ती म्हणाली. "एखादी खूण बिघडली की ती टाकायची."

"चौथा म्हणजे झाकणावरचा?"

"हो."

"दाखव."

सातव्या फेरीत गोळा गुळगुळीत होता. आठव्या फेरीत तो थोडा सरकला होता आणि कडेला फाटल्यासारखा दिसत होता. बाई म्हणाली, पाहिलंत, म्हणूनच टाकला, तिपाई हलली असणार माझी. वहिनींनी आठव्या फेरीतले बाकीचे गोळे मागितले. पाचही काचेसारखे स्वच्छ होते. सातव्या फेरीत तर पंप चालू होता, तरी चौथा गोळा स्वच्छच होता.

मग त्यांनी आठव्या फेरीत पंपाच्या मागची बाजू मागितली. जाड पाइपाखाली जमिनीवर दोन गमबूट दिसत होते. वरचा भाग पाइपानं झाकलेला.

"कोणीतरी सुकायला ठेवलेत," भाऊजी म्हणाले.

सातव्या फेरीत तिथे काही नव्हतं. दहाव्या फेरीतही नव्हतं. दहाव्या फेरीत वहिनींनी आणखी एक गोष्ट पाहिली, भिंतीवरचे कागद, एकेक करून. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि पर्स उचलली. बाई मात्र उठली नाही. तिनं चौथा गोळा आणि त्याखालचं झाकण पुन्हा मोठं केलं होतं आणि ती त्याकडे एकटक बघत होती.

साडेतीनला चौकशी अधिकाऱ्याच्या खोलीत सगळे जमले. मॅनेजर, फोरमन, शिट्टीसाहेब, आणि दाराजवळ पंपवाल्याची बायको. लेझरवाली आत आली तेव्हा फोरमननं आपली खुर्ची तिच्यापासून दूर सरकवली.

"पाच मिनिटं देतो," अधिकारी म्हणाला.

"पुरेत," वहिनी म्हणाल्या. "पहिली गोष्ट कागदाची. खिशातला कागद एकोणीस नंबरचा. एका आकड्याचे दोन कागद असले तर फेऱ्याच जुळत नाहीत, त्यामुळे एकोणीस नंबर एकच. आता ही दहावी फेरी बघा, अकरा पंचावन्नची. भिंतीवर, दाराच्या उजवीकडे. एकोणीस."

अधिकारी खुर्चीतून पुढे झुकला.

"म्हणजे कागद काढला गेला तो अकरा पंचावन्ननंतर," वहिनी म्हणाल्या.

"आणि बाई बारा पाचला फाटकाबाहेर," मॅनेजर म्हणाला. "मधल्या दहा मिनिटांत उतरवला."

"तिकडेच येतेय. झाकण कधी उघडलं ते आता बघू."

त्यांनी चौथ्या गोळ्याची गोष्ट सांगितली. गोळा चुंबकानं झाकणाला चिकटलेला. झाकण उचलायचं तर आधी गोळा काढायला हवा. कोणीतरी तो काढला, झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि गोळा होता तिथे नीट ठेवला. त्या माणसाच्या दृष्टीनं तो जागच्या जागी होता. नऊ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत, डोळ्याला ते दिसत नाहीत. यंत्राला दिसले. म्हणजे झाकण उघडून लागलं ते सातव्या आणि आठव्या फेरीच्या मध्ये, अकरा पाच ते अकरा वीस. बाई तेव्हा गाडीकडे होती. पंप त्याच वेळी बंद पडला होता.

"तिनंच उघडलं असेल," शिट्टीसाहेब म्हणाला. "गोळा तिचाच."

"तिनं उघडलं असतं तर गोळा सरकला हे तिला ठाऊक असतं. हिला वाटलं आपली मोजणी चुकली. चूक लपवायला तिनं आपल्या सुटकेचा एकमेव पुरावा स्वतःच्या हातानं हिशेबातून काढून टाकला. गुन्हेगार असं करत नाही. आपल्या कामाची लाज वाटणारा माणूस करतो."

लेझरवालीनं मान खाली घातली.

"पंपवाला अकरा वीसच्या आत हौदात होता. मग अकरा पंचावन्नपर्यंत भिंतीवर असलेला कागद त्याच्या बटण लावलेल्या खिशात गेला कसा? नंतर कोणीतरी खाली उतरून ठेवला. उतरायला मुखवटा लागतो. कपाटाचं सील मंगळवारी एकदाच तुटलं, दोन पाचला, आणि उतरला एकच माणूस."

कोणी कोणाकडे बघितलं नाही. फोरमन तेवढा शिट्टीसाहेबाकडे बघत होता.

"घाबरून ठेवला असेल," मॅनेजर चाचरत म्हणाला. "कारखान्याचं नाव... पण म्हणून झाकणही यानंच लावलं, असं कसं म्हणता?"

"तुम्ही मला सांगितलंत, गोळा झाकणावर होता. कुठे वाचलंत? रिपोर्टात. फोरमननं दोनला झाकणावर काही पाहिलं नाही, कारण साडेअकरानंतर गोळा तिथे नव्हताच. लॅपटॉप मोहोरबंद, त्यामुळे चित्रात पाहण्याची सोय नाही, आणि बाईनं आजपर्यंत हे माझ्याखेरीज कोणाला सांगितलेलं नाही. झाकणावरचा गोळा फक्त त्यालाच माहीत, जो पावणेअकरा ते साडेअकरा पंपघरात होता. आणि रिपोर्ट लिहिणारे म्हणतात, दोनपर्यंत पाय ठेवला नाही."

मग वहिनींनी मेलेलं मीटर टेबलावर ठेवलं, शेजारी आकड्यांची वही. पाहुणे बारा वाजता येणार होते, पंप बंद पडला होता, गॅस मोजायचं साधन तीन महिने निकामी होतं. म्हाताऱ्याला तोंडी हुकमावर उतरवलं. तो खाली कोसळला. हाक मारली, ओ आली नाही. बाहेर बाईची पावलं वाजली.

"बाकी मी सांगते," लेझरवाली म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. "नाही सांगितलंस तरी तू सुटलीस."

"माहीत आहे."

ती पडद्यापाशी गेली. तिनं आठव्या फेरीतलं झाकण मोठं केलं. लोखंडाची कड सरळ असायला हवी होती. ती पाच ठिकाणी वर उचललेली होती, प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिलिमीटर. किरण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला दहा सेकंद लागतात, ती म्हणाली. पंप बंद होता. आजूबाजूचं काहीच हललेलं नाही. त्या दहा सेकंदांत झाकण फक्त पाच वेळा हललं. खालून.

खोलीत कोणाला लगेच कळलं नाही. मग फोरमननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तो शुद्धीवर आला होता," ती म्हणाली. "शिडी चढून वर आला होता. वर कडी होती. मी खांबाआड उभी होते, बारा पावलांवर. माझ्या कानांवर मफ होते." ती पंपवाल्याच्या बायकोकडे वळली. "मला ऐकू आलं नाही. साडेअकराला मी त्या झाकणावरून गोळा उचलला, तेव्हा ते हलत नव्हतं."

पंपवाल्याची बायको उठून पडद्याजवळ आली होती. तिनं ती कड बोटानं मोजली, एक ते पाच. मग पंपाच्या मागे पाइपाखाली दिसणाऱ्या बुटांवर बोट ठेवलं.

"हे कोण?"

"ते आधीच्या फेरीत नाहीत, नंतरच्या फेरीतही नाहीत," वहिनी म्हणाल्या. "रिकामे बूट आपले आपण येत-जात नाहीत. बाई आत आली तेव्हा हा माणूस तिथे दडला. झाकणावरून किरण सरकल्यावर दोन सेकंदांनी या बुटांवर आला आहे. तो झाकणापासून चार पावलांवर होता."

शिट्टीसाहेबानं मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. चौकशी अधिकाऱ्यानं समोरचा तयार कागद उलटा करून ठेवला आणि दाराशी उभ्या शिपायाला आत बोलावलं. तेव्हा कुठे शिट्टीसाहेबाचा आवाज फुटला. त्याला वाटलं माणूस गेलाच आहे, तो म्हणाला. बाई निघून गेली की उघडणार होता. मग पाहुणे आले.

पंपवाल्याची बायको त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तिच्या कानांवर झाकणं होती," ती म्हणाली. "तुझ्या कानांवर काय होतं?"

ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली, आणि तिला कोणी बाजूला व्हायला सांगितलं नाही.